फॅशन छायाचित्रणातील साहाय्यक : काम, कसब आणि करार

दसरा-दिवाळीच्या सुमारास वृत्तपत्रांची आणि नियतकालिकांची पाने साड्यांच्या जाहिरातींनी भरून जातात. पैठणी नेसलेली एक तरुणी खिडकीशी उभी आहे, सकाळचे कोवळे ऊन तिच्या खांद्यावर उतरले आहे आणि पदरावरील जरीचा प्रत्येक मोर स्पष्ट दिसतो आहे, असे एखादे चित्र क्षणभर न्याहाळून वाचक पान उलटतो. ते ऊन विजेच्या दिव्याचे असते, खिडकी प्लायवूडची असते आणि तो डौलदार पदर मागील बाजूने चार चिमट्यांनी आवळलेला असतो, ही गोष्ट त्याच्या ध्यानी येत नाही. यावी अशी जाहिरातदाराची इच्छाही नसते. दिवा कोठे असावा हे छायाचित्रकाराने ठरविलेले असते. परंतु तो दिवा तेथे नेणे, त्याच्या पायावर वाळूची पिशवी ठेवणे, पडणारा प्रकाश मोजून आकडा सांगणे, पदराची घडी सुटली की ती सर्वांच्या आधी पाहणे आणि संध्याकाळी टिपलेली सर्व चित्रे दोन ठिकाणी सुरक्षित उतरवून घेणे ही कामे साहाय्यकाची होत. अशा जाहिरातीवर छायाचित्रकाराचे नाव क्वचितच छापले जाते. साहाय्यकाचे नाव छापण्याची तर प्रथाच नाही.

छायाचित्रणाचा व्यवसाय करू इच्छिणारे अनेक तरुण आणि तरुणी माहिती कार्यालयात चौकशीसाठी येत असतात. कॅमेरा कोणता घ्यावा, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या अटींवर काम करावे, असा प्रश्न मात्र फारच थोडे विचारतात. वास्तविक या व्यवसायात प्रवेश करण्याची रूढ वाट साहाय्यकाच्या कामातूनच जाते. म्हणून या कामाचे स्वरूप, त्यासाठी लागणारे ज्ञान आणि त्यातील हक्क व जोखीम यांचा परिचय येथे करून देत आहोत. उदाहरणासाठी मुंबईतील एखाद्या स्टुडिओत होणारे साड्यांच्या माहितीपुस्तिकेचे, म्हणजे कॅटलॉगचे, चित्रण डोळ्यांसमोर ठेवले आहे. कारण आपल्या राज्यात या स्वरूपाचे काम बारमाही चालते आणि नवख्या साहाय्यकास पहिली संधी बहुधा तेथेच मिळते.

उमेदवारीची परंपरा

मुंबईत छायाचित्रण संस्थेची स्थापना १८५४ साली झाली. युरोपात ही कला जाहीर झाल्याला तेव्हा पुरती पंधरा वर्षेच झाली होती. पुढे सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली व्यापारी कलेचा विभाग सुरू झाला आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. जाहिरातीसाठी चित्र काढणे हे एक शिकण्याजोगे शास्त्र आहे, ही जाणीव या संस्थेने महाराष्ट्रात रुजविली. तथापि दिवे, कॅमेरा आणि माणसे यांचा मेळ घालण्याचे व्यावहारिक शिक्षण वर्गात अपुरेच मिळते, हे तेथील माजी विद्यार्थीही मान्य करतील. ते स्टुडिओतच घ्यावे लागते.

छायाचित्रणाकडे नेणारी वाट सर्वांची एकच नसते, हे खरे. मराठी वाचकांना सुपरिचित असलेले गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) हे रसायनशास्त्राचे पदवीधर. १९७४ साली ते लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्र विभागात दाखल झाले आणि १९८७ साली नोकरी सोडून पूर्णवेळ छायाचित्रकार झाले. म्हणजे जाहिरात कशी घडते हे आतून पाहण्यात त्यांची तेरा वर्षे गेली. इंग्लंडमध्ये डेव्हिड बेली यांनी १९५९ साली जॉन फ्रेंच या नामवंत फॅशन छायाचित्रकाराकडे साहाय्यक म्हणून काम धरले आणि पुढच्याच वर्षी ‘व्होग’ या मासिकाशी करार केला. जॉन फ्रेंच यांची रीत मोठी नवलाईची होती. ते प्रकाशयोजना करीत, मॉडेलला उभे करीत, वस्त्राची प्रत्येक चुणी स्वतः पाहत. मात्र कॅमेऱ्याची कळ दाबण्याचे काम सामान्यतः साहाय्यकाकडे सोपवीत. मग ते चित्र कोणाचे? हा प्रश्न गमतीचा वाटला तरी कायद्याच्या दृष्टीने तसा नाही. त्याचा विचार पुढे केला आहे.

आदल्या दिवशी

चित्रणाचा दिवस सुरळीत जाणार की नाही, हे बहुतांशी आदल्या संध्याकाळी ठरते. साहाय्यकाने सामानाची यादी हातात घेऊन प्रत्येक वस्तू स्वतः तपासावयाची असते. बॅटऱ्या भरलेल्या आहेत काय, फ्लॅशला कॅमेऱ्याशी जोडणारा ट्रिगर चालतो काय, भिंगांवर बोटांचे ठसे नाहीत ना, संगणकाला कॅमेरा जोडणारी तार आणि तिच्या जोडीला दुसरी तार घेतली आहे काय, अशी ही यादी पुष्कळ लांबते. स्मरणपत्रिका, म्हणजे मेमरी कार्डे, कोरी करण्यापूर्वी त्यांवरील आधीच्या कामाच्या दोन प्रती अन्यत्र झाल्या आहेत, याची खात्री डोळ्यांनी पाहून करावी; कोणी तोंडी सांगितले म्हणून विसंबू नये.

फिल्मच्या काळात हे काम निराळे होते. १२० क्रमांकाच्या एका रिळावर चौरस आकाराची बाराच चित्रे बसत. त्यामुळे साहाय्यक दोन-तीन जादा मॅगझिन भरून तयार ठेवी, छायाचित्रकार हात पुढे करताच भरलेले मॅगझिन त्याच्या हातात देई आणि वापरलेल्या रिळावर क्रमांक घालून ते थंड जागी ठेवी. प्रकाशाची चाचणी पोलरॉइडच्या तत्काळ चित्रावर होई. रिळे घेऊन प्रयोगशाळेकडे धावणे हाही त्याच्याच कामाचा भाग होता. आज रिळांची जागा संगणकाने घेतली आहे. तरीही मोजून ठेवणे, क्रमांक घालणे आणि एकही चित्र न हरवणे, हा कामाचा गाभा बदललेला नाही. उलट बाराव्या चित्रानंतर मिळणारी सक्तीची उसंत आता उरलेली नसल्यामुळे दिवसाच्या अखेरीस चित्रांची संख्या हजारांत जाते आणि त्यांची व्यवस्था लावण्याचे ओझे वाढले आहे.

कपड्यांची आणि पादत्राणांची जबाबदारी वेशभूषाकाराकडे असते. तरी साहाय्यकास त्यातील व्यवहार माहीत असावा. चित्रणासाठी आणलेल्या वस्तू पुष्कळदा दुकानातून उसन्या आणलेल्या असतात व त्या नव्यासारख्या परत करावयाच्या असतात. म्हणून चपलेच्या तळव्याला चिकटपट्टी लावतात, किमतीची चिठ्ठी न काढता आत दडवितात आणि पोलके घालताना रंगभूषेचा डाग पडू नये यासाठी मॉडेलच्या चेहऱ्यावरून पातळ रुमाल घेतात. पार्श्वभूमीसाठी वापरावयाचा कागद २.७२ मीटर रुंदीच्या गुंडाळीतून येतो. तो आधीच अंथरून ठेवला तर त्यावर दहा जणांची पावले उमटतात आणि तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो. कागद शेवटच्या क्षणी उलगडावा, ही शिकवण लहान दिसते. पण ती पाळणाऱ्या साहाय्यकास पुढच्या कामाचे बोलावणे येते.

प्रकाशाचे गणित

साहाय्यकाच्या कामातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे प्रकाशाचे ज्ञान. शाळेतील पदार्थविज्ञानात शिकलेला एक नियम येथे पदोपदी उपयोगी पडतो. दिव्यापासून मिळणारा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश निम्मा न होता चतुर्थांश होतो. हा नियम लहान दिव्यास काटेकोर लागू पडतो. दिवा फार मोठा आणि फार जवळ असेल तर थोडा फरक पडतो, पण व्यवहारात त्याने भागते.

समजा, दिवा मॉडेलच्या चेहऱ्यापासून १ मीटर अंतरावर आहे आणि तिने बाजूला पसरलेला पदर दिव्यापासून दीड मीटरवर आहे. दीडचा वर्ग सव्वादोन. म्हणजे चेहऱ्यावर पदरापेक्षा सव्वादोन पट प्रकाश पडतो. चेहरा बरोबर टिपला तर पदर काळवंडतो. पदर उजळविला तर चेहरा पांढराफटक पडतो. आता दिवा मागे नेऊन चेहऱ्यापासून ३ मीटरवर ठेवला, तर पदर साडेतीन मीटरवर येतो आणि हा फरक सुमारे एक-तृतीयांशाइतकाच उरतो. साडी विकावयाची असेल तर दिवा मागे नेणे भाग आहे. परंतु तिप्पट अंतरावर तेवढाच उजेड हवा असल्यास दिव्याची शक्ती नऊपट लागते. शिवाय दूर गेलेला दिवा मॉडेलच्या दृष्टीने लहान होतो आणि लहान दिव्याची सावली कडक पडते. ती मऊ करण्यासाठी मध्ये मोठ्या चौकटीवर पांढरे कापड ताणून लावावे लागते. मुंबईच्या स्टुडिओत यालाच स्कीमर म्हणतात. याप्रमाणे एक दिवा दोन मीटर मागे सरकविण्याचा निर्णय अनेक गोष्टींना हलवितो. छायाचित्रकार फक्त “दिवा मागे घ्या” असे म्हणतो. पुढचे सारे साहाय्यकाने न सांगता जाणावयाचे असते.

प्रकाश मोजण्यातही एक मर्म आहे. कॅमेऱ्यातील मापक वस्तूवरून परत येणारा प्रकाश मोजतो आणि समोरची प्रत्येक वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे गृहीत धरतो. त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबल्यास पांढरी साडी करडी आणि काळी चंद्रकळाही करडीच येते. हातात धरावयाचा मापक मॉडेलच्या हनुवटीपाशी धरून त्यावर पडणारा प्रकाश मोजल्यास वस्त्राच्या रंगाने फसगत होत नाही. प्रकाशाच्या पहिल्या चाचणीसाठी मॉडेलच्या जागी साहाय्यक स्वतःच उभा राहतो. तोवर तिची रंगभूषा चालू असते. तथापि दोघांची उंची आणि वर्ण सारखा नसतो. म्हणून ती जागेवर आल्यावर मोजमाप पुन्हा घ्यावे लागते.

जर आणि धूपछाँव

साडीच्या चित्रणात खरी कसोटी लागते ती पैठणीसारख्या वस्त्राच्या वेळी, आणि या ठिकाणी थोडे थांबणे इष्ट आहे. जर हा धातूचा धागा. धातूला स्वतःचा उजेड नसतो, तो आरशाप्रमाणे समोर असेल ते दाखवितो. समोर अंधारी भिंत असेल तर सोनेरी जर काळपट दिसते. समोर लहान व प्रखर दिवा असेल तर तिच्यावर पांढरे ठिपके चमकतात आणि विणीतले मोर-पोपट त्या चकाकीत हरवतात. उपाय असा की जरीला दिसेल असे काहीतरी मोठे, पांढरे आणि शांत समोर उभे करावयाचे. थर्माकोलचा मोठा तक्ता किंवा पांढरे कापड लावलेली चौकट हे काम करते. मग त्याच्या बाजूला एक काळी पट्टी धरली की जरीत सोनेरी आणि गडद असा भेद उमटून नक्षीला उठाव येतो. ही पट्टी नेमकी कोठे धरावी हे पुस्तकात वाचून समजत नाही. छायाचित्रकार कॅमेऱ्यातून पाहत असतो आणि साहाय्यक पट्टी बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवीत असतो. एका स्टुडिओत हे पाहण्याची संधी प्रस्तुत लेखकास मिळाली. एका पदरासाठी हा उद्योग वीस मिनिटे चालला होता. तोपर्यंत सर्वांना सारखाच वाटणारा तो पदर एकाएकी जिवंत झाला आणि खोलीतील बोलणे थांबले.

दुसरी अडचण रंगाची. पुष्कळ पैठण्यांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा धागा दुसऱ्या रंगाचा असतो. त्यामुळे साडी हलली की रंग पालटतो. यालाच धूपछाँव म्हणतात. डोळ्यांना हा पालट सुखवितो, कारण डोळा दोन्ही रंग एकामागोमाग पाहतो. कॅमेरा एका कोनातून एकच क्षण टिपतो, तेव्हा हिरव्या-जांभळ्या साडीची चित्रात निव्वळ जांभळी साडी होऊ शकते. पूर्वी ग्राहक दुकानात जाऊन पदर हातावर घेऊन पाहत असे, तेव्हा चित्रातील रंगाला इतके महत्त्व नव्हते. आता घरबसल्या चित्र पाहून मागणी नोंदविली जाते. रंग निराळा निघाला तर साडी परत येते आणि तोट्याचा काही भार अखेरीस विणकरापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून वस्त्राला अशा चुण्या द्याव्या लागतात की एका चुणीत एक रंग आणि शेजारच्या चुणीत दुसरा रंग दिसेल. तसेच प्रकाशयोजना बदलली की पहिल्या चित्रात चोवीस रंगांच्या चौकटींचा ठराविक तक्ता मॉडेलच्या हाती देऊन त्याचे छायाचित्र घ्यावे लागते. पुढे संगणकावर रंग जुळविताना तोच आधार असतो. हा तक्ता धरावयाची आठवण ठेवणे साहाय्यकाचे काम. येवल्याच्या मागावर महिनोन्‌महिने खपून विणलेल्या साडीचा रंग चित्रात खरा उतरतो की नाही, हे अशा दहा सेकंदांच्या आठवणीवर अवलंबून असते.

सेटवरील वागणूक

चित्रणाच्या जागेवर दहापासून तीसपर्यंत माणसे असतात. जाहिरातदाराचे प्रतिनिधी, जाहिरातसंस्थेचा कलादिग्दर्शक, रंगभूषाकार, केशभूषाकार, वेशभूषाकार, दिवे हाताळणारे कामगार, चहापाणी पाहणारा मुलगा आणि मॉडेल यांत साहाय्यकाचे स्थान ना वरचे ना खालचे. मुंबईच्या चित्रसृष्टीतील एक चांगली रीत येथेही चालते. दिवे हाताळणाऱ्यास लाइटदादा, कपड्यांना इस्त्री करणाऱ्यास ड्रेसदादा आणि इतर मदतनिसांना नुसते दादा म्हणून हाक मारतात. नवीन साहाय्यकाने ही रीत मनापासून पाळावी. वीस वर्षे दिवे वाहिलेल्या दादाला प्रकाशाविषयी जे ठाऊक असते, ते पदवीधरास पुष्कळदा ठाऊक नसते, आणि मान दिल्याखेरीज ते तो सांगत नाही.

चित्र कसे आले याविषयी साहाय्यकाने जाहिरातदाराच्या प्रतिनिधीशी परस्पर बोलू नये, असा संकेत आहे. काही उणे दिसल्यास ते छायाचित्रकाराच्या कानावर हळूच घालावयाचे. घड्याळ उलट्या हातात गेले, मागची पिन दिसते आहे, कपाळावर घाम आला आहे, दोन चित्रांपूर्वी कानात असलेले कर्णफूल आता नाही, अशा गोष्टी वेळीच दिसणे हीच या कामातील बुद्धिमत्ता होय. छायाचित्रकाराचे लक्ष मॉडेलच्या डोळ्यांवर खिळलेले असते. कडांवर लक्ष ठेवणारा दुसरा कोणी नसतो.

कॅमेरा संगणकाला जोडलेला असल्यास प्रत्येक चित्र पडद्यावर तत्काळ दिसते. त्यामुळे दहा माणसे दहा मते देऊ लागतात. पडदा कोणाकडे वळवावा आणि कोणाकडे वळवू नये हे कळणेदेखील अनुभवाचेच फळ आहे. मोबाइलवर पडद्यामागची चित्रे टिपून ती समाजमाध्यमांवर टाकण्याचा मोह मात्र आवरावा. बाजारात न आलेल्या वस्त्रांची ती चित्रे असतात. त्यांच्या प्रसिद्धीने जाहिरातदाराचे नुकसान होते आणि मॉडेलच्या संमतीचाही प्रश्न असतो.

वीज, वारा आणि उंची

या कामातील धोक्यांविषयी फार थोडे बोलले जाते. स्टुडिओतील फ्लॅशच्या दिव्यांत विजेचा साठा करणारे घटक असतात. त्यांतील दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि तारेचा खटका काढल्यावरही तो साठा काही काळ राहू शकतो. दिव्याचे तोंड वेगळे करण्यापूर्वी बटण बंद करून साठा रिकामा करावा, नादुरुस्त दिवा स्वतः उघडू नये आणि तीन पिनांच्या खटक्यातील भूमी-जोडणीची पिन मोडून काम भागवू नये. मातीची किंवा ओली जमीन असेल तर अधिकच दक्षता हवी. समुद्रकिनाऱ्यावर छत्री किंवा कापडी पेटी लावलेला दिवा शिडाप्रमाणे वारा धरतो. अशा वेळी वाळूच्या पिशव्यांखेरीज एका माणसाने तो हाताने धरून उभे राहणे आवश्यक असते, आणि तो माणूस म्हणजे अर्थातच साहाय्यक. आडवा दांडा असलेल्या तिवईवर वजन लावताना तिचा सर्वांत लांब पाय वजनाच्या दिशेला असावा. हा नियम न पाळल्यास दिवा मॉडेलच्या अंगावर येऊ शकतो.

दिवस बारा-चौदा तासांचा होणे, जेवणाची वेळ टळणे आणि रात्री उशिरा परतताना वाहनाची सोय नसणे, या गोष्टी या व्यवसायात इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांना धोका म्हणून कोणी गणीत नाही. दमलेल्या माणसाच्या हातूनच दिवा सुटतो, हे लक्षात घेता त्यांचा विचार येथेच करणे योग्य ठरेल.

मोबदला आणि कागद

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. साहाय्यक बहुधा रोजावर काम करतो. नेमणुकीचे पत्र नसते. दूरध्वनीवर तारीख आणि वेळ कळविली जाते. आरंभीच्या काळात ‘शिकण्याची संधी’ हाच मोबदला मानावा, असा सूर काही ठिकाणी लावला जातो. काम शिकविले जात असेल तर शिकणाऱ्याने थोडके घेणे समजू शकते. परंतु जाहिरातदाराकडून पूर्ण मोबदला घेऊन केलेल्या व्यापारी कामात पहाटेपासून रात्रीपर्यंत दिवे वाहणाऱ्यास काहीच न देणे, याला शिक्षण म्हणता येणार नाही. दुसरी तक्रार विलंबाची. छायाचित्रकारास जाहिरातसंस्थेकडून आणि संस्थेस जाहिरातदाराकडून पैसे येईपर्यंत साखळीच्या टोकाचा माणूस वाट पाहत राहतो.

यावर पहिला उपाय अगदी साधा आहे. काम स्वीकारताना तारीख, हजर राहण्याची वेळ, कामाचे तास, त्यापुढील वेळेचा दर, जेवण आणि रात्रीचे वाहन, सामानाची मोडतोड झाल्यास जबाबदारी कोणाची आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, या गोष्टी ईमेलने किंवा मोबाइलवरील संदेशाने लिहून पाठवाव्यात आणि होकार मागून घ्यावा. मुद्रांकित करारपत्र नसले तरी असा लेखी व्यवहार पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. काम रद्द झाल्यास किती मोबदला मिळावा, हेही त्यात असावे. कारण ती तारीख अडवून ठेवल्यामुळे दुसरे काम गेलेले असते.

दुसरा उपाय कायद्याने दिला आहे, पण त्याची माहिती या क्षेत्रात फारशी पोहोचलेली दिसत नाही. स्वतंत्रपणे सेवा देणाऱ्या व्यक्तीस सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करता येते. १ जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी विनामूल्य आहे आणि घरबसल्या करता येते. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये अशा नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाने दिलेल्या सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ही मुदत कराराने ठरविली तरी ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे बंधनकारक आहे, आणि तक्रार सुकरीकरण परिषदेकडे नेता येते. मात्र काम करण्यापूर्वी नोंदणी झालेली असावी. काम झाल्यावर, पैसे अडकल्यावर नोंदणीसाठी धावणे उपयोगाचे नाही. आपण नोकर म्हणून काम करतो की स्वतंत्र सेवा देतो, हे येथे महत्त्वाचे ठरते. म्हणूनच वर सांगितलेला लेखी व्यवहार आवश्यक आहे.

मुलींची संख्या या क्षेत्रात वाढते आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. कामाच्या ठिकाणी महिलांचे लैंगिक छळापासून संरक्षण करणारा अधिनियम २०१३ सालचा आहे. दहा किंवा अधिक व्यक्ती काम करीत असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे सक्तीचे आहे. त्याहून लहान आस्थापनांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समितीची तरतूद आहे. छायाचित्रकाराचा स्टुडिओ चार माणसांचा असला तरी तेथील साहाय्यिका या समितीकडे जाऊ शकते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते; सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. कामानिमित्त जावे लागलेले बाहेरगावचे ठिकाण आणि मालकाने पुरविलेले वाहन यांचाही कामाच्या ठिकाणात समावेश होतो.

लहान मुलांच्या कपड्यांच्या जाहिरातींत आणखी एक जबाबदारी येते. बालकलाकारास दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम करू देता येत नाही. त्याच्या उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो, आणि चित्रणापूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. हे पाहणे निर्मात्याचे कर्तव्य आहे, साहाय्यकाचे नव्हे. परंतु घड्याळ बहुधा साहाय्यकाच्याच हाती असते. तीन तास झाले, असे त्याने मोठ्याने सांगितले तर त्यास गैर मानण्याचे कारण नाही.

आता जॉन फ्रेंच यांच्या प्रसंगातून उभा राहिलेला प्रश्न. आपल्या १९५७ सालच्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती ही त्याची कर्ता होय. मात्र मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्याचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. जाहिरातीच्या कामात ही मालकी बहुधा जाहिरातदाराकडे जाते. नोकरीत असलेल्या साहाय्यकाने नोकरीचा भाग म्हणून घेतलेल्या चित्राची मालकी, तसा वेगळा करार नसल्यास, मालकाकडे असते. रोजावर आलेल्या साहाय्यकाने छायाचित्रकाराच्या सांगण्यावरून कळ दाबली, तर कर्ता कोण, यावर वाद संभवतो. तो टाळण्यासाठी, अशा कामात साहाय्यकाचे नाव द्यावयाचे की नाही आणि ते चित्र त्याला स्वतःच्या कामाच्या संग्रहात दाखविता येईल की नाही, हे आधीच लिहून ठेवावे. संग्रहात दाखविताना ‘साहाय्यक म्हणून सहभाग’ असे स्पष्ट नमूद करण्याची अट बरेच छायाचित्रकार मान्य करतात. नवीन काम मागताना तेवढा उल्लेखही पुष्कळ उपयोगी पडतो. ही परवानगी चित्रणाच्या दिवशी गडबडीत मागण्याऐवजी काम स्वीकारतानाच्या पहिल्या संदेशात, दर आणि वेळेच्या जोडीला एका ओळीत मागितली तर ती सहसा नाकारली जात नाही.